रुसलेल्या व्याह्यांचं देऊळ

जगातल्या निम्म्या इमारती पाडून टाकाव्यात आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्यांच्या आर्किटेक्टांनी जाहीर माफी मागावी, असं ज्याचं ठाम मत आहे असा माणूस ओळखीत चालतो, शेजारातही खपून जातो. पण तो व्याही होऊन दारात उभा राहिला की देवाने आपल्यासाठी काहीतरी खास बेत केला होता याबद्दल शंका उरत नाही. आमचे व्याही इटालियन. धंद्याने आर्किटेक्ट, जन्माने कॅथलिक, पण खरा धर्म खांब. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्यांच्या मुलखात एक पंथ निघाला होता म्हणे. जुन्या ग्रीक-रोमन देवळांकडे परत जायचं, सरळ गोल खांब उभे करायचे, वर त्रिकोणी माथा ठेवायचा, डावीकडे जे असेल तेच उजवीकडे, आणि वेलबुट्टीचा फापटपसारा औषधालासुद्धा नको. तो पंथ यथावकाश थकला आणि झोपी गेला. हे आमच्या व्याह्यांना मात्र कोणी कळवलं नाही. ते सिंगापुरात, सेंगकांगच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहून त्या पंथाची धुरा आजतागायत एकट्याने वाहत होते.

दिसायला व्याही उंच, हाडकुळे, आणि केसांचा भांग बरोबर डोक्याच्या मधोमध. सिंगापूरच्या ज्या उकाड्यात आम्ही घरात बनियनखेरीज दुसरं वस्त्र मानत नाही, त्या उकाड्यात ते लिननचा कोट घालून फिरायचे. कोटाचे दोन्ही खिसे सारखे फुगलेले दिसावेत म्हणून एका खिशात पाकीट आणि दुसऱ्यात पाकिटाच्याच मापाची लाकडी वडी ठेवायचे. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शिरले की दाराच्या बरोबर मध्यावर उभे. बाजूला व्हा, उतरणाऱ्यांना वाट द्या, असे बाण जमिनीवर काढलेले असतात. ते बाण दोन्ही बाजूंना सारखे काढलेत याचं मोठ्याने कौतुक करत ते तिथेच उभे राहायचे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या बाजारात, टेबल अडवायला सगळं सिंगापूर टिश्यूचं पाकीट टाकतं. व्याही आपली घडीची फूटपट्टी उघडून टेबलाच्या मध्यरेषेवर ठेवायचे. एकदा एका चिनी काकूंनी ती उचलून कडेला सरकवली. व्याह्यांनी न रागावता ती परत मध्यावर आणली. काकूंनी पुन्हा सरकवली. असं बराच वेळ चालल्यावर त्या दोघांची ओळख झाली आणि शेवटी एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघांनी फिशबॉल नूडल्स खाल्ले.

त्यांचं चरित्र मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की परीक्षेला बसलो तर पहिल्या वर्गात पास होईन. ते इंग्रजीत सांगायचे. इतकी वर्षं इथे राहून त्या इंग्रजीच्या शेपटीला इथल्या लोकांचा ‘लाह’ चिकटला होता, आणि वाक्यातली निम्मी क्रियापदं हातांनी बोलली जायची. जन्म उत्तर इटलीतल्या एका छोट्या गावात. त्या गावात बँकेला खांब, शाळेला खांब, मासळीबाजारालासुद्धा खांब. आजोबा पाथरवट. लहानपणी त्यांची अशी समजूत होती की आभाळसुद्धा गावातल्या खांबांवरच टेकवलेलं आहे, आणि एखादा काढला तर ते एका बाजूने खाली येईल. पुढे कॉलेजात प्रोफेसरांनी सांगितलं की बाबा, आता काळ काचेचा आला. त्या दिवशी प्रोफेसरांशी सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही. मधल्या काळात प्रोफेसर वारले, पण तेवढ्याने वाद थांबवायला व्याही तयार नाहीत. मग ते दोन वर्षांसाठी म्हणून सिंगापुरात नोकरीला आले, इथल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका चिनी मुलीच्या प्रेमात पडले, आणि तीस वर्षं एकाच कंपनीत राहिले. या तीस वर्षांत हाती आलेल्या प्रत्येक कामाला त्यांनी खांब काढले आणि प्रत्येक वेळी वरच्या कोणीतरी ते खोडले. कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, फाटकाशी वॉचमनची चौकी काढायला सांगितली, यांनी देऊळ काढलं, बांधली गेली काचेची पेटी. कार पार्कचा उतार काढायला सांगितला, यांनी दोन्ही बाजूंना खांबांची रांग काढली, तर गाड्या वळायच्या कशा असं विचारण्यात आलं. गाड्यांनी सरळ जावं, असं यांचं उत्तर होतं.

त्यांचा मुलगा लूका आणि माझी मुलगी मुक्ता एकाच ऑफिसात कामाला. दोघांनी लग्न ठरवलं आणि आम्ही नवरा-बायको पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या बिशानहून सेंगकांगला पहिल्या भेटीला गेलो. चहापाणी व्हायच्या आतच व्याह्यांनी आम्हाला परत चपला घालायला लावल्या, आपलं काम दाखवतो म्हणाले. एलआरटीच्या छोट्या गाडीने दोन स्टेशनं. मी मनात एखादा टोलेजंग टॉवर धरून चाललो होतो. एका कॉन्डोला वळसा घालून त्यांनी आम्हाला मागच्या अंगाला नेलं आणि कचराघरासमोर उभं केलं. तिथे ते एकदम हळू आवाजात बोलायला लागले. याचे खांब कापले, माथा कापला, रंग बदलला, पण रुंदी आणि उंचीचं प्रमाण कापायला ते लोक विसरले, तेवढं माझं आहे, असं त्यांनी सांगितलं. आमच्या हिने नाकाला ओढणी लावली होती. तरी ती म्हणाली, “रुंदी खरंच छान आहे हो.” मी त्याचं इंग्रजी केलं. व्याह्यांनी तिचा हात हातात घेतला, आमच्याकडून पेढा मागून घेतला आणि त्या कचराघरासमोर उभं राहून खाल्ला. आमचं व्याहीभोजन हे असं झालं.

पुढे ते आमच्याकडे यायला लागले, आणि लवकरच माझ्या लक्षात आलं की ते आमच्याकडे येत नसून आमच्या इमारतीकडे येतात. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. म्हातारे तिथे दगडी टेबलांवर बुद्धिबळ मांडून बसतात, कोणाकोणाची लग्नं तिथे लागतात, आणि घरातलं माणूस गेलं तर दुखवट्याची कनातही तिथेच उभी राहते. भिंती नाहीत, नुसते खांब. मी त्या खांबांमधून पंधरा वर्षं लिफ्टकडे जात होतो, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. व्याह्यांच्या मते सिंगापुरात खरं बांधकाम तेवढं एकच. वरचे बारा मजले विसरा, बांबूंवर वाळत घातलेले कपडे विसरा, खालून बघा, हे देऊळ आहे, असं सांगत ते प्रत्येक खांबाला थाप मारत जायचे. बुद्धिबळवाल्या चिनी अंकलना वाटलं की हे सरकारी तपासणीला आले आहेत. मी म्हटलं, नाही, माझ्या मुलीचे होणारे सासरे आहेत. अंकलनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि आपला घोडा हलवला.

लग्नाच्या खरेदीला मी त्यांना लिटिल इंडियात नेलं, ही मात्र चूक झाली. सेरंगून रोडवरच्या देवळाचं गोपूर समोर आलं. त्यावर माणसं, देव, गायी, राक्षस, मोर यांची अशी दाटी की मुंगीला बसायला जागा नाही. व्याह्यांनी डोळे मिटले. समोरच्या दुकानात बसवून मी त्यांना कॉफी पाजली. तुमच्या देवांना जागा फार कमी पडते, एवढंच ते म्हणाले. पण त्याच गल्लीत, पितळेच्या भांड्यांच्या दुकानात, त्यांना समई दिसली. ती त्यांनी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, फूटपट्टी लावली. खाली पसरट बैठक, मध्ये वर निमुळता होत जाणारा दांडा, दांड्याला कडी, वर तबकडी. जगात खांबाच्या मोजक्याच घराण्यांना मान्यता आहे आणि हे एक घराणं पुस्तकांतून राहून गेलंय, असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदार म्हणाला, जोडी घ्या. ते जोडीच घेणार होते. एकटी समई त्यांनी दुकानातसुद्धा राहू दिली नसती.

आता आमच्या आक्काला आणायला हवं. आक्का माझी मोठी बहीण, साताऱ्याची. लग्नाच्या महिनाभर आधी ती लोणची, कुरडया आणि मानपानाचं समग्र शास्त्र घेऊन दाखल झाली. लग्नाच्या बैठकीला दोन्ही घरं आमच्या हॉलमध्ये जमली तेव्हा तिने विहीणबाईंना मराठीतून विचारलं की तुम्ही रुसणार कधी. मी भाषांतर केलं. विहीणबाई म्हणजे शाळेत जन्म काढलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांना वेळ नाही. आक्का हवालदिल झाली. वरपक्षाकडून कोणी रुसलंच नाही तर मुलीकडच्यांनी काढायची कोणाची समजूत, आणि समजूतच काढली नाही तर लग्नाला लग्न म्हणायचं कसं. तेव्हा व्याह्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं की हे काम मुलाच्या बापाला करता येतं का. येतं तर, आक्का म्हणाली. तिचे स्वतःचे सासरे तिच्या लग्नात आचाऱ्याच्या खोलीत गव्हाच्या पोत्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि रेशीमकाठी धोतरजोडी मिळाल्यावरच उठले होते. व्याह्यांनी बारकावे विचारून घेतले. तोंड भिंतीकडेच का. समजूत काढायला कोणी यायचं. मागायचं काय काय. आक्का म्हणाली, “मागणं एकच. पण ते मिळेपर्यंत उठायचं नाही.” मी हे सगळं हसत हसत इंग्रजीत करून सांगत होतो. व्याही अजिबात हसत नव्हते.

पुढच्या आठवड्यात मुक्ताने डेकोरेटरचा फोटो आणला. बोहल्याच्या दोन्ही बाजूंना फायबरचे सोनेरी हत्ती, आणि वर छत तोलायला जिलबीसारखे पिळलेले चार खांब. व्याह्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला. मग कोटाची बटणं लावली, उठले, बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि आमच्या चपलांच्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून बसले. आम्ही चहा घेऊन एकमेकांकडे बघत होतो. विहीणबाई कपात डोकावून म्हणाल्या की तो बहुतेक रुसलाय, त्याची तयारी घरी चाललीच होती. शेजारच्या मलय आजी जाता जाता त्यांची तब्येत विचारून गेल्या. आक्काला काय आनंद झाला म्हणून सांगू. ती मला ढोसून ढोसून म्हणत होती की जा, हात जोड, मुलीचा बाप आहेस.

मी निघालो तेवढ्यात लूकाने मला स्वयंपाकघरात ओढलं. एरवी हा मुलगा फार बोलत नाही. तो म्हणाला, पप्पांची नोकरी डिसेंबरला संपतेय. त्यानंतर पप्पा-ममा इटलीतल्या गावी जाणार, तिथे म्हाताऱ्या आत्याजवळ कोणी नाही. “अंकल, पप्पांनी काढलेला एक खांबसुद्धा आजवर कुठे उभा राहिलेला नाही. एकही नाही, लाह. आता राहिलं तर हेच.” मुक्ता मागे उभी होती. ती मला म्हणाली, “बाबा, हत्ती कॅन्सल कर ना.” मला ते कचराघर आठवलं, आणि तिथे उभं राहून पेढा खाणारा माणूस आठवला, आणि मला फार वाईट वाटलं. मी बाहेर जाऊन खरोखरच हात जोडले. व्याह्यांनी भिंतीकडेच बघत सांगितलं, “व्याही, मला धोतरजोडी नको. मला बोहलं बांधू द्या.” व्याही हा शब्द ते ‘महाराज’ म्हणावं तसा म्हणायचे.

त्यानंतरचे आठवडे आमच्या घरात लग्न नव्हतं, बांधकाम होतं. लग्न आमच्याच इमारतीच्या व्हॉइड डेकमध्ये लावायचं, हा त्याच मागणीचा पोटभाग निघाला. टाउन कौन्सिलच्या अटी आल्या: खिळा ठोकायचा नाही, इमारतीच्या खांबांना काही बांधायचं नाही, लिफ्टची वाट अडवायची नाही, होम करायचा तर छताबाहेर, अंगणाच्या कडेला, आणि संध्याकाळी सातला जागा मोकळी. मूळ आराखड्यात वर घुमट होता. छत आडवं आलं. मला वाटलं, आता पुन्हा रुसवा. पण जन्मभर वरच्यांनी माथा कापायची त्यांना इतकी सवय झाली होती की त्यांनी घुमट खोडला, त्रिकोणी माथा ठेवला आणि समईच्या मापाने खांब आखडते घेतले. गालिच्याच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या जाड नळ्या आणल्या. गालिचे ज्यांच्यावर गुंडाळून येतात त्या. त्यांवर कागदाच्या लगद्याची कडी चढली, वर समईची तबकडी, खाली बैठक, आणि सगळ्याला पांढरा रंग. विहीणबाईंनी गणित तपासलं, मुक्ताच्या मैत्रिणींनी लगदा कालवला, आणि बुद्धिबळवाले अंकल रोज येऊन हे असं उभं राहायचं नाही असं सांगून जायचे. त्यांच्या शंकेवरूनच बैठकींत वाळूच्या पिशव्या भरल्या गेल्या.

लग्नाच्या आदल्या दुपारी ते उभं राहिलं. चार पांढरे खांब, वर पांढरा माथा, मध्ये पाट मांडायला जागा. लिफ्टचं दार उघडलं की बरोबर मधोमध दिसावं असं त्यांनी ते बसवलं होतं. ते सारखे लिफ्टने वर जायचे आणि खाली येऊन दार उघडताना बघायचे. तेवढ्यात गुरुजी आले. आमचे गुरुजी आठवडाभर एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतात आणि शनिवार-रविवारी लग्नं-मुंजी लावतात. त्यांनी फोनमध्ये दिशा पाहिली आणि सांगितलं की होमाला वधूवरांचं तोंड पूर्वेला हवं, हे तर पश्चिमेकडे तोंड करून उभं आहे. आक्का म्हणाली, फिरवा. मी म्हटलं, बोहलं ठेवा, वधूवर फिरवा. आक्का म्हणाली, म्हणजे लोकांनी तासभर त्यांच्या पाठी बघायच्या का. सगळ्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. इमारत फिरवता येत नाही, एवढं ते हळूच म्हणाले. आणि मग एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शाळेत असताना आजोबांनी, कॉलेजात पहिल्या दिवशी त्याच भांडखोर प्रोफेसरांनी, त्यांना हेच शिकवलं होतं, की जुन्या ग्रीकांच्या देवळांचं तोंड उगवतीला असतं. ज्या पंथासाठी जन्म घालवला त्याचा पहिला नियम हा, आणि त्यांनी आयुष्यातलं एकुलतं एक देऊळ बांधलं ते लिफ्टकडे तोंड करून. “मी फार वर्षं सिंगापुरात राहिलो,” ते गुरुजींना म्हणाले.

सुटं करून पुन्हा जोडायला वेळ नव्हता, कारण खिळ्यांऐवजी सगळं डिंकाने चिकटवलेलं होतं. मग वाळूच्या पिशव्या काढल्या, आणि इथल्या मराठी मंडळातली माणसं, ऑफिसातली माणसं, कोर्टवर फुटबॉल खेळणारी मलय पोरं, अंकल आणि त्यांचे बुद्धिबळातले शत्रू, असे सगळे खांबांना, चौकटीला जिथे मिळेल तिथे हात लावून उभे राहिले. कोणीतरी सवयीने मोरया म्हणालं आणि ते देऊळ बिशानच्या फरशीवरून वीतभर उचललं गेलं. व्याही पुढे उलटे चालत, दोन्ही हात पसरून, इटालियनमध्ये काहीतरी सांगत होते. ते कोणालाही कळत नव्हतं आणि सगळे ऐकत होते. अर्धा फेरा झाल्यावर आक्काने मधल्यामध्ये नारळ ओवाळून घेतला. खाली टेकलं तेव्हा माथ्याचा एक कोपरासुद्धा दुखावला नव्हता. अंकलनी खांबाला थाप मारून पाहिली आणि कबूल केलं की उभं राहील.

लग्न छान लागलं. उगवतीचं ऊन अंगणातून सरळ आत येत होतं आणि खांबांच्या सावल्या मागे लिफ्टपर्यंत गेल्या होत्या. अंतरपाट धरला तेव्हा व्याह्यांना भरून आलं. एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी, मध्यरेषेवर कापड, दोघांच्या हातांत सारखे हार. आपल्या पंथाचा विधी जगात कोणीतरी जिवंत ठेवलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मात्र सावधान म्हटल्यावर सगळ्यांनी अक्षता टाकल्या त्या वधूवरांवर, आणि यांनी टाकल्या त्या खांबावर. आक्काने कोणाला न विचारता माथ्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. वेलबुट्टी म्हणून ते काढायला लावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते फक्त मोजून दोन्ही बाजूंना सारखं केलं. फोटोग्राफरने दिवसभरात शेकड्यांनी फोटो काढले. त्यात मावश्या आहेत, मित्र आहेत, श्रीखंडाच्या वाट्या आहेत, पण संपूर्ण बोहलं दिसेल असा फोटो एकही नाही, कारण प्रत्येक फोटोत पुढे कोणीतरी उभं आहे.

पंगती उठल्या, पाहुणे गेले, मुलं हॉटेलवर गेली. सात वाजत आले आणि सामान न्यायला बोलावलेली लॉरी कार पार्कमध्ये येऊन थांबली. व्याही माझ्याजवळ आले. कोट काढून हातावर घेतलेला, त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी विचारलं, “व्याही, एखादा रुसवा शिल्लक आहे का?” मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे नाही, सून घरात आली की हक्क संपला, पण तुम्हाला हवंय काय. ते म्हणाले की दिवसभर माणसंच माणसं होती, हे त्यांनी रिकामं पाहिलेलंच नाही. मी लॉरीवाल्यांना चहा प्यायला पाठवलं. मग आम्ही दोघं अंकलच्या बुद्धिबळाच्या टेबलाशी दगडी स्टुलांवर बसलो आणि समोर बघत राहिलो. व्हॉइड डेकच्या राखाडी खांबांच्या मध्ये ते चार पांढरे खांब उभे होते. होमाच्या धुराचा वास अजून येत होता. मला खांबांतलं काडीचं कळत नाही, पण त्या वेळी ते मला सुंदर दिसलं, आणि मी तसं सांगितलं.

व्याही डोळे बारीक करून बघत होते, मग उठून गेले, फूटपट्टी लावली आणि परत आले.

“डावा खांब दोन बोटं बाहेर आहे,” ते म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं की काल इतक्या लोकांनी उचललं, आमची माणसं धसमुसळी, ठेवताना सरकला असेल. नाहीतर आक्काने तोरण ओढून बांधलं, त्याने झालं असेल. ते मान हलवत राहिले. ते माप काल उचलायच्या आधीचं होतं, चौकट जोडताना चुकलेलं, त्यांच्या स्वतःच्या हातचं. तरी मी आपला सगळ्यांच्या वतीने ती चूक अंगावर घ्यायला बघत होतो आणि ते काही केल्या ती कोणाला द्यायला तयार नव्हते. “ही चूक माझी आहे, व्याही,” ते म्हणाले. “तीस वर्षांत माझ्या एकाही इमारतीत चूक नव्हती. कागदावर होतच नाही.” आणि हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हसत होते. इतका सुखी माणूस मी त्या दिवशी अख्ख्या लग्नात पाहिला नव्हता, नवरा धरून. आम्ही तिथेच बसून राहिलो, लॉरीवाले चहा पिऊन येईपर्यंत.

डिसेंबरात ते दोघं गेले. जोडीतली एक समई त्यांनी आमच्याकडे ठेवली. ती एकटी राहिली तर चालेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले की दुसरी तिकडे बरोबर समोर असेल. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. आधी मुलांची चौकशी, मग आमच्या हिची, मग साताऱ्याला परत गेलेल्या आक्काचा दुखरा पाय कसा आहे याची. मग ते मला खाली जायला सांगतात. मी फोन घेऊन लिफ्टने उतरतो, दार उघडलं की सवयीने मधोमध चालत जातो, आणि त्या मोकळ्या फरशीकडे फोन धरतो. तिथे काहीही नसतं. अंकल हात करतात, एखादं पोर सायकल चालवत असतं. व्याही टक लावून बघतात आणि डाव्या खांबाचं विचारतात. मी म्हणतो, “अजून दोन बोटं बाहेर आहे.”

“राहू दे, लाह,” ते म्हणतात. “त्याला कोणी हात लावू नका.”